एकान्त : एका शब्दाचे दोन अर्थ
(माळशिरस येथील सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



व्यवहारातील मराठीत 'एकांत' म्हणजे निवांतपणा. स्वाध्यायास बसणाऱ्याला तो हवाच असतो. आपल्या शास्त्रांत मात्र हाच शब्द दोषवाचक आहे. तेथे 'अन्त' म्हणजे शेवट नव्हे, वस्तूचा धर्म, तिचे अंग. अनेक अंगांच्या वस्तूचे एकच अंग धरून 'हे असेच' म्हणणे हा एकान्त. सर्वार्थसिद्धीत पूज्यपादाचार्यांनी मिथ्यात्वाचे पाच भेद सांगताना आरंभ त्याच्यापासूनच केला आहे.

हिंदी प्रवचनांत 'ही' सोडा, 'भी' धरा, असे सांगतात. आपल्या श्रोत्यांचा येथे घोटाळा होतो, कारण त्यांचा 'भी' तो आपला 'ही' आणि त्यांचा 'ही' तो आपला 'च'! परंतु 'च' टाकला की अनेकान्त साधला, असेही नाही. सप्तभंगीत 'स्यात्'च्या जोडीने 'एव' येतो. ठरलेल्या अपेक्षेने केलेले विधान ठामच असते. सर्वच मते सारखी खरी मानणे हे वैनयिक मिथ्यात्व, आणि तेही त्या पाचांतच मोडते. दोष 'च'चा नाही, अपेक्षा विसरण्याचा आहे.

आज निश्चयवाले व्यवहारवाल्यांना 'एकान्ती' म्हणतात, व्यवहारवाले निश्चयवाल्यांना. स्वतःविषयी हा शब्द वापरलेला मी तरी ऐकला नाही.

म्हणून आपल्याच तालुक्यातील अकलूजची गोष्ट काढतो. 1947 च्या हरिजन मंदिर प्रवेश कायद्यावरून तेथील दिगंबर जैन मंदिराचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. आचार्य शांतिसागर महाराजांनी या प्रश्नासाठी सुमारे तीन वर्षे अन्नत्याग केला. 1951 साली न्यायालयाने निर्णय दिला : ज्या जैन मंदिरात हिंदूंना कायद्याने वा रूढीने प्रवेशाचा हक्क नाही, तेथे या कायद्याने हरिजनांना तो प्राप्त होत नाही.

जैन धर्म स्वतंत्र आहे, या अपेक्षेने आपला 'च' यथार्थ होता. पण दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाचीही एक अपेक्षा होती. समन्तभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सम्यग्दर्शनयुक्त मातंगपुत्रालाही देवासमान म्हटले आहे. हा ग्रंथ आपण वाचतो, पण अकलूजचा निकाल अभिमानाने सांगताना तो श्लोक कोणी सांगत नाही. मीही इतकी वर्षे नुसता निकालच सांगत आलो. आज प्रथमच दोन्ही एकत्र सांगितले.

जय जिनेंद्र!