भिंतीतल्या पिंपळाची वाळकी मुळं

रब्बीची सुगी उरकली की घराच्या डागडुजीला थोडी सवड मिळते. कौलं चाळणं, ओटा नीट करणं ही कामं आपण आठवणीनं करतो. पण विटांच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळाकडं किंवा वडाकडं काणाडोळा होतो. फार तर कोयत्यानं बाहेरचा शेंडा छाटायचा आणि काम झालं म्हणायचं. आज आपण माहिती घेणार आहोत ती छाटणीनंतर भिंतीत उरणाऱ्या मुळांची.

पाखरं पिंपळाची, वडाची फळं खातात. त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडतं आणि जिथं ओल आहे तिथं रुजतं. मूळ ओलीच्या मागं मागं विटांच्या सांध्यांतून आत शिरतं. ते जाड झालं की वीट जागची हलते. नुसता शेंडा छाटला तर पावसात पुन्हा फुटवे येतात आणि आतलं मूळ आणखी फुगतं.

आपण म्हणाल, "साहेब, आमचं झाड तर वाळलंय. आता कसली भीती?" भीती आहे. वाळलेलं मूळ आक्रसतं, कुजतं, त्याला वाळवी लागते. मुळाच्या जागी पोकळी राहते आणि पावसाचं पाणी तिथून थेट भिंतीच्या पोटात जातं. मातीच्या गाऱ्यातली बांधणी असेल तर गारा धुपून निघतो. वरून धड दिसणारी भिंत झडीच्या पावसात एकाएकी बसते. त्याच भिंतीशी पोरंबाळं निजतात आणि गुरं बांधलेली असतात, हे विसरू नका.

मग काम कसं करावं? पहिली गोष्ट, हिसका देऊन मूळ ओढू नका. त्याबरोबर विटाही निघून येतात. झाड जिवंत असेल तर खोड भिंतीलगत कापा. फुटवा दिसला की लगेच खुडा. मूळ वाळून ढिलं झालं, की छिन्नी-हातोडीनं सांध्यातला चुना किंवा गारा हलक्या हातानं मोकळा करा आणि मूळ तुकड्यातुकड्यानं काढा. एका वेळी हातभर भागच मोकळा करा आणि तो भरल्यावरच पुढं सरका. मूळ मनगटाएवढं जाड असेल, भिंतीला फुगारा किंवा आरपार भेग असेल, तर गवंड्याला बोलवा. आधी लाकडाचा टेकू द्या, मगच हात लावा.

विटांवर चिकटलेले तंतू आणि काळे डाग काढायला काथ्याचा ब्रश आणि साधं पाणी पुरतं. तारेचा ब्रश वापरू नका. भाजलेल्या विटेचं वरचं कठीण कवच खरवडलं, की वीट जास्त पाणी पिते. अ‍ॅसिड ओतू नका, ते चुना खातं. मूळ मारायला मीठ भरू नका, त्यानं भिंतीला लोणा धरतो. जाळूही नका, जवळ कडबा असतो, आढ्याला लाकूड असतं. कच्च्या विटांची भिंत असेल तर पाणी न लावता कोरडीच झाडा.

आता दर्जा भरणं. हे काम राहिलं तर आधीची मेहनत वाया जाते. सांधा पाऊण इंच खोल साफ करा आणि पाणी शिंपडून ओला करा. मातीच्या बांधणीला मातीचाच गारा घ्या. चुन्याच्या बांधणीला एक भाग चुना आणि तीन भाग वाळू घ्या. सिमेंटच्या बांधणीला एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू पुरे. जुन्या मऊ विटांत कडक सिमेंट भरू नका. ओल आत कोंडते आणि विटा झिजतात. सिमेंट भरलं असेल तर सात दिवस पाणी मारा. शेवटी ओल कुठून आली ते शोधा. फुटकी पन्हळ, गळकी मोरी, सरकलेलं कौल दुरुस्त केलं नाही, तर पुढच्या वर्षी तिथंच नवं रोप दिसेल.

काम करताना फटीत उघडा हात घालू नका, तिथं विंचू असतो. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. भिंतीवर विजेची तार असेल तर आधी लाइन बंद करून घ्या.

काही जण म्हणतात, पिंपळ तोडणं बरं नव्हे. ती भावना योग्यच आहे. म्हणूनच रोप दोन-चार पानांचं असतानाच मुळासकट अलगद काढा आणि गायरानात किंवा ओढ्याकाठी घरांपासून लांब लावा. झाडही जगेल आणि घरही.

हे काम मृग लागायच्या आत संपवा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास, घराला एक फेरी मारा. विहिरीच्या बांधकामावरही नजर टाका. दोन पानांचं रोप पोरगंही उपटतं, पण तेच मूळ मनगटाएवढं झालं की गवंडी लागतो.