हिरव्या टेबलाचा व्यवसाय

जुहूचा किनारा मुंबईच्या माणसाला नव्यानें सांगावयास नको. संध्याकाळची ती दाटी, भेळेच्या गाड्या, वाळूंत किल्ले करणारीं मुलें आणि जवळच्या जुन्या विमानतळावरून येणारी यंत्रांची घरघर हीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु याच उपनगरांत, समुद्राच्या हांकेच्या अंतरावर, जिमखान्यांतून अशी एखादी खोली असते कीं, तिच्यांत पाऊल टाकतांच बाहेरचा सारा गलबला मागें राहतो. छतापासून खालीं सोडलेले दिवे, त्यांच्या उजेडांत हिरव्या लोकरी कापडानें मढविलेलें बारा फूट लांब व सहा फूट रुंद टेबल, आणि त्यावर हनुवटी काठीला लावून वांकलेला एखादा तरुण, एवढेंच काय तें तेथें दिसतें. हा तरुण काय करीत आहे, असें घरच्या वडीलधाऱ्यांस विचारलें तर ‘वेळ दवडीत आहे’ असेंच उत्तर पुष्कळदां मिळतें. हा निकाल न्याय्य आहे काय, हें ठरविण्यापूर्वीं या खेळावर पोट भरूं पाहणाऱ्या माणसाचें आयुष्य कसें असतें, हें पाहिलें पाहिजे.

स्नूकर हा खेळ साहेबाचा खरा, पण त्याचा जन्म मात्र आपल्या देशांतला. १८७५ सालीं जबलपूरच्या लष्करी छावणींत नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें जुन्या खेळांत रंगीत चेंडूंची भर घालून तो काढला, आणि पुढें उटकमंडच्या क्लबांत त्याचे नियम लिहून लावण्यांत आले. हा चेंबरलेन म्हणजे मागाहून इंग्लंडचा पंतप्रधान झालेला गृहस्थ नव्हे. नामसादृश्यामुळें हा घोटाळा नेहमीं होतो. टेबलावर एकंदर बावीस चेंडू असतात. पंधरा तांबडे, सहा निरनिराळ्या रंगांचे, आणि ज्याला काठीनें टोला द्यावयाचा तो एक पांढरा. एक तांबडा चेंडू खळग्यांत घालावा, मग एक रंगीत, पुन्हां तांबडा, असा क्रम असतो. तांबड्याला एक गुण, पिवळ्याला दोन, आणि असें चढत चढत काळ्याला सात. प्रत्येक तांबड्यामागून काळाच घातला, आणि शेवटीं उरलेले सहाही रंग ओळीनें घातले, तर एका डावांत १४७ गुण होतात. याहून मोठी मजल नेहमींच्या खेळांत नाहीं. ऐकावयास हें सोपें वाटतें. पण एक चेंडू घालतांना पांढरा चेंडू पुढच्या टोल्यासाठीं नेमका कोठें येऊन थांबावा, हें आधींच ठरवावें लागतें. जो केवळ समोरचा चेंडू घालतो तो हौशा. जो पुढचे चार पाहून समोरचा घालतो तो खेळाडू.

या टेबलाशीं महाराष्ट्राचें नातें जुनें आहे. पुण्यांत १९२२ सालीं जन्मलेल्या विल्सन जोन्स यानें १९५८ मध्यें कलकत्ता येथें बिलियर्ड्‌सचें जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविलें, व १९६४ मध्यें न्यूझीलंडांत तें पुन्हां जिंकलें. कोणत्याही खेळांत वैयक्तिक जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. त्याच्यामागून मुंबईच्या मायकेल फरेरा यानें १९७७, १९८१ आणि १९८३ अशीं तीन वेळां तेंच पद मिळविलें. १९८१ सालीं देऊं केलेली पद्मश्री त्यानें नाकारली. क्रिकेटच्या खेळाडूला जो वरचा मान मिळतो तो आपल्या खेळालाहि मिळावा, एवढीच त्याची मागणी होती, आणि १९८३ सालीं पद्मभूषण देऊन सरकारनें ती मान्य केली. स्नूकरमध्यें ओम अगरवाल हा १९८४ सालीं डब्लिन येथें हौशी जगज्जेता झाला, तर मुंबईच्या यासीन मर्चंट यानें १९८९ मध्यें आशियाचें अजिंक्यपद आणलें.

येथवर ज्यांचीं नांवें घेतलीं त्यांचे हे विजय हौशी खेळाडूंचे आहेत, हें ध्यानांत ठेवावें. हौशी खेळाडूला पदक मिळतें, मान मिळतो, आणि एखाद्या मोठ्या सरकारी तेल-कंपनींत नोकरीहि मिळते. व्यावसायिकाचें तसें नाहीं. त्याला मिळकत ती फक्त जिंकल्याची. १९२७ सालीं बर्मिंगहॅमला जो डेव्हिस पहिला व्यावसायिक जगज्जेता झाला तेव्हां त्याच्या पदरीं पडलेली रक्कम होती साडेसहा पौंड! आज जगज्जेत्याला लाखों पौंड मिळतात. परंतु शिखरावरचा उजेड पाहून पायथ्याच्या चढणीचा अंदाज येत नाहीं.

मुंबईच्या आदित्य मेहताची गोष्ट या चढणीची आहे. १९८५ च्या ऑक्टोबरांत जन्मलेला हा मुलगा २०१२ मध्यें आशियाचा विजेता झाला. २०१३ सालीं कोलंबियांतील काली येथें भरलेल्या जागतिक क्रीडामेळाव्यांत त्यानें सुवर्णपदक मिळविलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत दिल्लीस, भारतांत प्रथमच, व्यावसायिकांची मानांकन-स्पर्धा भरली, आणि उपांत्य सामन्यांत स्कॉटलंडच्या स्टीफन मॅग्वायर याला हरवून तो अंतिम सामन्यांत पोंचला. अशा स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत खेळलेला तो पहिला भारतीय. तेथें चीनच्या डिंग जुनहुईनें त्याला पांच विरुद्ध शून्य असें सरळ हरविलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०१४ मध्यें, जर्मनींतील फ्यूर्थ येथें त्यानें १४७ गुणांचा तो पूर्ण डाव साधला. व्यावसायिक स्पर्धेंत हा पराक्रम करणारा पहिला भारतीयहि तोच. २०१५ सालीं तीच भारतीय स्पर्धा मुंबईंत, जुहूपासून थोड्याच मैलांवर, सांताक्रूझच्या बाजूच्या एका हॉटेलांत भरली, तेव्हां इंग्लंडांत चालणारा हा व्यवसाय उपनगरांतल्या लोकांनीं आपल्या दाराशीं पाहिला.

एवढें यश पाहून कोणी म्हणेल कीं, मग अडचण ती कसली? अडचण अशी कीं, व्यावसायिकांच्या यादींत सुमारें १२८ खेळाडू असतात. नव्या खेळाडूला दोन वर्षांची मुदत मिळते. मुदत संपतांना त्याच्या बक्षिसांची बेरीज त्याला पहिल्या चौसष्टांत बसवूं शकली नाहीं, तर तो यादींतून गळतो, आणि पुन्हां पात्रतेच्या परीक्षेला बसतो. मेहताच्या त्या काळांत बहुतेक प्राथमिक फेऱ्या इंग्लंडांत होत. विमानाचें भाडें, खोलीचें भाडें, जेवण, सरावाच्या टेबलाचें भाडें, सारें स्वतःचें. आणि पहिल्याच फेरींत हरलें तर पुष्कळ स्पर्धांतून हातांत एक पैसाहि पडत नसे. शेफील्डच्या मुलाला हरल्यावर ट्रामनें घरीं जातां येतें. मुंबईच्या मुलाला हरल्यावरहि परक्या गांवीं राहावें लागतें.

दुसरी अडचण आपल्या हवेची. टेबलाच्या कापडाखालीं दगडी पाटीचे तुकडे सांधलेले असतात. जुहूसारख्या समुद्राकांठच्या जागीं, विशेषतः आषाढ-श्रावणांत, कापड ओलावा धरतें, चेंडू जड चालतो, कडेवर आपटून मंद परततो. मोठ्या स्पर्धांतून पाटी खालून विजेनें ऊन ठेवतात, कापड बारीक लोकरीचें व घट्ट ताणलेलें असतें, आणि चेंडू नुसत्या स्पर्शानें दूर धांवतो. एका टेबलावर कमावलेला हात दुसऱ्यावर जाऊन खोटा ठरतो. मातींत कसलेल्या पहिलवानाला एकाएकीं गादीवर उतरविलें तर पहिले कांहीं दिवस त्याचे पाय ठरत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार.

तिसरी अडचण शरीराची. या खेळांत धांवणें नाहीं, म्हणून श्रमहि नाहींत, अशी समजूत आहे. दिवसाचे पांचसहा तास कमरेंत वांकून, मान वर उचलून, एक खांदा मागें व एक हात पुढें ताठ ठेवून उभें राहिलें म्हणजे या समजुतीचें काय होतें तें कळतें. मेहताला मानेच्या व खांद्याच्या दुखण्यानें गांठलें, आणि जो दौरा त्यानें एवढ्या कष्टानें मिळविला होता तो त्याला सोडावा लागला. प्रतिस्पर्ध्यानें हरविलें तर पुन्हां खेळतां येतें. मानेनें हरविलें तर काय करावें?

याच पिढींतील दुसरें उदाहरण पंकज अडवाणीचें. तोहि १९८५ चाच, आणि पुण्यांत जन्मलेला. २००३ मध्यें चीनमध्यें तो हौशी स्नूकरचा जगज्जेता झाला. २०१२ मध्यें त्यानें व्यावसायिक दौरा पत्करला, २०१३ च्या वेल्श स्पर्धेंत उपांत्यपूर्व फेरी गांठली, आणि २०१४ मध्यें तो दौरा आपण होऊन सोडला. त्यानें बिलियर्ड्‌स व हौशी स्पर्धा यांचा मार्ग धरला, आणि २०२४ अखेर त्याच्या जागतिक अजिंक्यपदांची संख्या २८ झाली. एकानें दौरा धरून ठेवला आणि शरीरानें त्याला माघारीं आणलें. दुसऱ्यानें वेळींच माघार घेतली आणि कीर्ति मिळविली. यांत शहाणा कोण आणि वेडा कोण, असा निकाल करणें व्यर्थ होय. अडवाणीनें आपल्या गुणांना शोभेल तें क्षेत्र निवडलें. मेहतानें अशी वाट चोखाळली कीं, जिच्यावर पाऊल टाकावयास पुढच्यांना आतां तितकें भय वाटूं नये.

आणि पुढचे आलेहि. मुंबईचाच इशप्रीत सिंग चढ्ढा २०२२ सालीं पात्रता-परीक्षेंतून व्यावसायिक झाला. त्याच २०२२–२३ च्या हंगामांत दौऱ्याच्या चालकांनीं प्रत्येक खेळाडूला वर्षाला किमान २०,००० पौंडांची हमी प्रथमच दिली. परदेशीं राहणाऱ्याला ही रक्कम मोठी नव्हे. परंतु हरलेल्यालाहि जेवावें लागतें, एवढें तरी कबूल झालें.

तेव्हां जिमखान्यांतल्या त्या खोलींत वांकलेल्या मुलाविषयीं वडिलांनीं काय म्हणावें? पैजा लावून रात्र घालविणारा मुलगा आणि एकच टोला दोनशें वेळां मारून पाहणारा मुलगा, हे एकाच टेबलापाशीं उभे असले तरी एक नव्हेत. पहिल्याला आवरावें. दुसऱ्याला मात्र खरें तें सांगावें. पुढें कीर्ति थोडी, खर्च फार, आणि मान व खांदा हेंच भांडवल आहे, हें त्याला कळूं द्यावें. शाळेचा अभ्यास सोडूं देऊं नये, कारण दोन वर्षांची मुदत संपल्यावर परत येण्यास घर लागतें आणि घर चालविण्यास विद्या लागते. एवढें ऐकूनहि तो दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्या दिव्याखालीं जाऊन उभा राहिला, तर तो वेळ दवडीत आहे असें म्हणण्याचा अधिकार कोणाला राहत नाहीं.