संत्र्याची बाग आणि मुलांचे ताट

(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



एके काळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी असलेले आपले अचलपूर आज संत्र्याच्या पट्ट्यात मोडते. अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूड या तालुक्यांत संत्रा हेच मोठे नगदी पीक आहे. आपल्यापैकी कुणाची स्वतःची बाग आहे, कुणी झाडावरचा बहार विकत घेणारे बागवान आहेत, कुणी तोडाईला जातात, तर कुणी ट्रक भरतात. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

फळांची एवढी रेलचेल असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५४ स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. परतवाड्याहून घाट चढला की मेळघाट लागतो. तेथील बालमृत्यूंची चर्चा १९९३ पासून देशभर होत आली आहे. तेव्हा संत्र्यातून आपल्याला काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा हिशेब प्रत्येक घराने एकदा मांडला पाहिजे.

शरीराची वाढ प्रथिनांवर होते. स्नायू, रक्त, त्वचा, केस हे सारे त्यांच्यापासून बनते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज सुमारे ४३ ग्रॅम आणि मुलाला ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात प्रथिने जेमतेम पाऊण ग्रॅम. म्हणजे केवळ संत्र्यांवर ही गरज भागवायची, तर त्या मुलीला दिवसाला साठएक संत्री खावी लागतील! जागतिक अन्न व कृषी संघटना देशोदेशींच्या अन्नाचा ताळेबंद काढते. त्यात लिंबूवर्गीय फळांपासून मिळणाऱ्या प्रथिनांचाही रकाना असतो. पण माणशी वर्षाला १०० किलो फळ खाल्ले, तरी दिवसाचा आकडा दोन ग्रॅमपर्यंत पोहोचत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, अशक्त मुलाला संत्र्याचा रस पाजला की ताकद भरून येते, असा समज आपल्याकडे पक्का आहे. आजारी मुलाला रस जरूर द्यावा. पण रसाचा पेला वरणाच्या वाटीची जागा घेऊ शकत नाही. बाटलीतल्या नारिंगी सरबतात तर बहुतांशी पाणी आणि साखरच असते.

मग संत्रे निरुपयोगी का? मुळीच नाही. त्याचे काम निराळे आहे. १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रजी आरमाराच्या डॉक्टरने हिरड्यांतून रक्त येणाऱ्या खलाशांना संत्री व लिंबे दिली आणि ते लवकर बरे झाले. पुढे या गुणामागील 'क' जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि त्या संशोधनासाठी सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, डाळी, पालेभाज्या आणि धान्य यांतील लोह शरीराला सहजासहजी शोषून घेता येत नाही. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असेल तर ते बरेच अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर घेतलेला चहा याच्या अगदी उलट काम करतो. म्हणून संत्रे दुपारी वेळ घालवायला खाण्यापेक्षा जेवणासोबत खावे, आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा.

आता आपल्या शेताकडे पाहू. आपल्या आजोबांच्या काळी वऱ्हाडात कापसाबरोबर ज्वारी आणि तूर असे. ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण हे नुसते सवयीचे अन्न नव्हते. धान्यात जे प्रथिनद्रव्य कमी असते ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीत जे कमी ते धान्यात असते. दोन्ही एकत्र आल्याने प्रथिने पुरती उपयोगी पडतात. गेल्या चाळीसएक वर्षांत ज्वारी मागे पडत गेली आणि सोयाबीन पसरले. सोयाबीनच्या शंभर ग्रॅममध्ये ३५ ग्रॅमहून जास्त प्रथिने, म्हणजे तुरीच्या दीडपटीहून अधिक! पण ते आपल्या स्वयंपाकघरात येत नाही. त्याचे तेल निघते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशात जाते. संत्री ट्रकने जातात, सोयाबीन बाजार समितीत जाते. घरात पैसा येतो, आणि त्या पैशातून काय विकत आणले जाते यावर मुलांची वाढ ठरते.

यावर उपाय खर्चिक नाहीत. चार पोळ्यांतून १४ ग्रॅम, ३० ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून साडेसहा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, एका अंड्यातून सहा आणि पेलाभर दुधातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. थोडा भात धरला की त्या मुलीचे ४३ ग्रॅम पूर्ण होतात. दूध-अंडे परवडत नसेल त्या दिवशी फुटाणे किंवा मोड आलेली मटकी वाढवावी. सोयाबीन घरचेच असेल, तर ते नीट भाजून थोडेसे गव्हासोबत दळावे. कच्चे मात्र वापरू नये. ज्यांची संत्र्याची झाडे अजून लहान आहेत, त्यांनी पहिली चार-पाच वर्षे ओळींमध्ये मूग, उडीद, हरभरा घ्यावा. त्याने जमिनीलाही नत्र मिळते. पण त्यातली दोन पायली घरासाठी बाजूला काढून मगच बाकीची विकावी. संत्र्याचा हंगाम नसेल तेव्हा लिंबू आहेच. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात वाडेगावचे लिंबू प्रसिद्ध आहे. उष्णतेने 'क' जीवनसत्त्व नाश पावते, म्हणून लिंबू वरण चुलीवरून उतरवल्यावर पिळावे. पेरू आणि आवळा तर या बाबतीत संत्र्याच्याही पुढे आहेत.

शाळेतल्या पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलांना २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरलेले आहे. विद्यार्थी मित्रांनो, तो आहार पानात टाकू नका. उरलेली निम्म्याहून अधिक प्रथिने घरच्या ताटातूनच मिळायची आहेत, हेही लक्षात ठेवा.

शेवटी एक गोष्ट वडीलधाऱ्यांना मुद्दाम सांगतो. बऱ्याच घरांत आधी पुरुष जेवतात, मग मुलगे, आणि शेवटी अम्मी व मुली. तोवर भांड्याच्या तळाशी पातळ वरण उरते, अंडे तर उरतच नाही. वयात येणाऱ्या मुलीला रक्ताची गरज सर्वांत जास्त असते, आणि तिच्याच वाट्याला सर्वांत कमी येते. धाप लागणारी, वर्गात डोके धरून बसणारी मुलगी अभ्यासात मागे पडली, तर दोष तिच्या बुद्धीचा नसतो. आपण मुलींना शाळेत पाठवू लागलो ही मोठी गोष्ट आहे. आता आजपासून त्यांचे ताट मुलांच्या ताटाबरोबर वाढा. वरण घट्ट असू द्या, त्यावर लिंबू पिळा, आणि हंगामात शेजारी एक संत्रेही ठेवा.