अमेरिकेतील वंशशोध
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



अमेरिकेत पूर्वजांचा शोध घेणारा मनुष्य प्रथम शिरगणतीच्या नोंदी पाहतो. तेथे १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली आहे. १८४० पर्यंत तीत केवळ कुटुंबप्रमुखाचेच नाव असे. घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव १८५० पासून येऊ लागले. गुलामांची मात्र १८५० व १८६० साली निराळी यादी झाली. तीत मालकाचे नाव, आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग व वर्ण एवढेच. त्यांची नावे बहुधा नाहीतच. म्हणून मागे जाता जाता कृष्णवर्णीय कुटुंबांचा धागा पुष्कळदा मुक्तीनंतरच्या १८७० च्या गणनेपाशी तुटतो. त्याही मागे जावयाचे तर मालकांची मृत्युपत्रे व विक्रीखते चाळावी लागतात. ज्याने पूर्वजाला विकत घेतले, त्याच्याच दप्तरात पूर्वजाचे नाव सापडावे, हे केवढे दुर्दैव!

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काउंटीवार चरित्रग्रंथांतही वंशवृत्ते आढळतात. परंतु ती पुष्कळदा वर्गणीदारांनीच पुरविलेली असल्याने त्यांत गुणगौरव फार. मूळ कागदांशी ताडूनच ती स्वीकारावीत.

आता आपल्या वंशावळी पाहा. पुरुषांची नावे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. लेकीसुनांची कितीशी आहेत? आज घरी गेल्यावर आजीचे माहेरचे नाव विचारून लिहून ठेवावे, एवढीच माझी विनंती आहे.