कायद्यातील ‘व्यक्ती’ आणि आपला विहार



कायद्याच्या भाषेत ‘व्यक्ती’ म्हणजे केवळ हाडामांसाचा माणूस नव्हे. ज्याला हक्क असू शकतात आणि ज्याच्यावर कर्तव्ये येतात, तो कायद्याने व्यक्ती. महानगरपालिका, बँक, सहकारी गृहनिर्माण संस्था या अशाच व्यक्ती होत. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने हिंदू देवमूर्तीलाही हे स्थान दिले. याउलट, जिवंत गुलामाला मालमत्तेत मोजणारे कायदेही जगात होऊन गेले. तेव्हा हे व्यक्तित्व जन्माने नव्हे, कायद्याने मिळते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

ही सारी कल्पना साहेबाने आणली, असा समज आहे. आपण सोपाऱ्याच्या लोकांनी तरी तो बाळगू नये. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. शूर्पारक, म्हणजे आपल्या सोपाऱ्यात, त्याने विश्रामगृह बांधल्याची नोंद त्यांत आहे. दुसऱ्या एका लेखात त्याने लेणे व ३००० कार्षापण दान दिले. कोणाला? कोणा एका भन्तेंना नव्हे, तर ‘चातुर्दिश संघा’ला! रक्कम गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवली. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वर्षावासाच्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख! आणि हे सर्व निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदविले. विनयातही चातुर्दिश संघ म्हणजे आलेले आणि अजून न आलेले भिक्षू. म्हणून एक भिक्षू गेला तरी संघाच्या दानाची वाटणी होत नाही. याला आधुनिक अर्थाने ‘कायदेशीर व्यक्ती’ म्हणावे काय, यावर पंडित खुशाल वाद घालोत.

आपल्याकडे मात्र काय घडते? वर्गणी काढून विहारासाठी जागा घेतली जाते. मंडळाची नोंदणी नसल्याने खरेदीखत एका विश्वासू कार्यकर्त्याच्या नावे होते. तो वारला की सात-बाऱ्यावर वारसांची नावे चढतात. वारस लबाडच असतात असे नाही. पण कागदावर मंडळ नसतेच.

नोंदणी केली तरी एक बारीक गोष्ट उरते. गृहनिर्माण संस्थेला १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम ३६ ने स्वतःच्या नावे मालमत्ता धरता येते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात इतकी स्पष्ट तरतूद नाही. तेथे विश्वस्त नसतील तर मालमत्ता कार्यकारी मंडळाकडे असते. आपल्यासारख्या संस्थेला १९५० चा सार्वजनिक न्यास कायदाही लागू आहे. त्यामुळे धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी कोणाची नावे आहेत, यालाच महत्त्व येते. निवडणूक होते, हारतुरे होतात, आणि ९० दिवसांत द्यायचा बदल अहवाल मात्र कपाटात राहतो. मग जुने पदाधिकारी आणि नवे पदाधिकारी, दोघेही ‘आम्हीच संस्था’ म्हणून कोर्टात उभे!

म्हणून आमची सूचना एवढीच: वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर बदल अहवाल मंजूर झाल्याचा आदेशही सर्वांसमोर वाचून दाखवावा, आणि तो वाचण्याचे काम विद्यार्थ्यांकडे द्यावे.