यादी भिंतीवर लागली पाहिजे

(आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषण)



सोयाबीन पिवळं पडायला लागलं, पऱ्हाटीला बोंडं धरली, की आपण वावरात चक्कर मारतो आणि औंदा एकरी किती पोते होतील याचा अंदाज बांधतो. त्याच सुमारास सरकारी कचेरीतही तुमच्या पिकाचा अंदाज बांधला जात असतो. पैसेवारी ठरते, पीक कापणी प्रयोग होतात, अतिवृष्टी झाली असेल तर पंचनामे होतात. वावर तुमचं, पीक तुमचं. पण कागदावर काय लिहिलं गेलं हे आपल्यापैकी फार थोडे जण पाहतात. आज मी बियाण्याविषयी किंवा फवारणीविषयी बोलणार नाही. या कागदांविषयी बोलणार आहे.

पहिल्यांदा माझीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी पूर्णाकाठच्या एका गावात अतिवृष्टीने सोयाबीन आणि तूर पाण्याखाली गेली. पंचनामे झाले, याद्या तयार झाल्या. गावातले एक वडीलधारे कास्तकार माझ्याकडे तीनदा आले. "साहेब, शेजाऱ्याचे पैसे आले, माहे काहून नाई आले?" मी तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं, "बाबा, यादी वर गेली आहे, थोडं थांबा." शेवटी त्यांच्या सुनेने साध्या कागदावर अर्ज लिहिला आणि मूळ यादी पाहायला मागितली. यादी उघडली, तर गट नंबरातले दोन आकडे उलटसुलट लिहिलेले निघाले. दुरुस्ती झाली, पैसेही मिळाले. पण तोवर हरभऱ्याची पेरणी त्यांनी व्याजाच्या पैशावर केली होती. त्या यादीची एक प्रत तेवढे दिवस माझ्या टेबलाच्या खणात पडून होती. चूक कोणी मुद्दाम केली नव्हती. मी ती यादी पहिल्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली असती, तर बाबांनी पाच मिनिटांत चूक दाखवून दिली असती.

म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 हा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्राने त्याआधी 2002 सालीच आपला स्वतःचा कायदा केला होता. या मागणीची सुरुवात कष्टकऱ्यांनी केली हे विसरू नका. राजस्थानातल्या मजुरांनी "आम्ही केलेल्या कामाचा हजेरीपट आम्हाला दाखवा" अशी मागणी केली आणि 1996 साली ब्यावर येथे त्यासाठी धरणं धरलं.

पुष्कळांना वाटतं की हा कायदा म्हणजे फक्त अर्ज करण्याचा कायदा. तसं नाही. त्याच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयाने 17 बाबींची माहिती कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायची असते. कार्यालयाचं काम काय, कोणता अधिकारी कशाला जबाबदार, पैसा किती आला, अनुदान कोणाकोणाला मिळालं, जन माहिती अधिकारी कोण, हे सगळं त्यात येतं. ती स्थानिक भाषेत, लोकांना सहज कळेल अशी द्यायची असते. लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी, हाच त्या कलमाचा हेतू आहे. म्हणजे ठिबक, शेततळं किंवा औजारांच्या अनुदानाची यादी पाहायला मागितली, तर कचेरी तुमच्यावर उपकार करीत नाही. ते तिचं कर्तव्यच आहे.

आता या हंगामात कोणते कागद पाहायचे ते सांगतो.

पहिला कागद पैसेवारीचा. आपल्या अमरावती विभागात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी 30 सप्टेंबरला, सुधारित 31 ऑक्टोबरला आणि अंतिम 31 डिसेंबरला जाहीर होते. आपल्या गावची पैसेवारी 50 पैशांच्या वर आहे की खाली, हे पहिल्याच टप्प्यात विचारा. हरकत वेळेत लेखी द्यावी. अंतिम आकडा लागल्यावर चावडीवर बसून बोलण्यात अर्थ नाही.

दुसरा कागद पीक कापणी प्रयोगाचा. महसूल मंडळातल्या निवडलेल्या थोड्या वावरांत मोजून कापणी होते आणि त्यांच्या सरासरीवर साऱ्या मंडळाचं उत्पन्न धरलं जातं. ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली आलं, तर विम्याची भरपाई निघते. म्हणजे दुसऱ्याच्या वावरातलं वजन तुमच्या भरपाईला लागू होतं. प्रयोग कोणत्या वावरात, कोणत्या दिवशी आहे ते विचारा, शक्य असेल तर हजर राहा, आणि वजनाची नोंद पाहा.

तिसरा कागद नुकसानीच्या पंचनाम्याचा आणि यादीचा. नाव, गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र आणि खाते क्रमांक एवढ्या पाच गोष्टी सातबाऱ्याशी आणि पासबुकाशी ताडून पाहा.

यादी लागलीच नाही किंवा कोणी दाखवली नाही, तर अर्ज करा. साधा कागद चालतो. वर "जन माहिती अधिकारी" आणि कार्यालयाचं नाव लिहा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखला जोडावा. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय घ्यावा आणि मजकूर साधारण 150 शब्दांच्या आत ठेवावा. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. लिहिता येत नसेल, तर तोंडी मागणी लेखी करून देण्यास मदत करणं हे त्या अधिकाऱ्याचं काम आहे.

अर्जात "असं का केलं?" असं विचारू नका. कागदाचं नाव घेऊन कागद मागा. नमुना असा:

"मौजे अमुक, महसूल मंडळ अमुक, येथील या खरीप हंगामातील सोयाबीन पीक कापणी प्रयोगांच्या नोंदींची साक्षांकित प्रत मिळावी, तसेच मूळ नोंदी पाहू द्याव्यात."

प्रतीला पानामागे 2 रुपये पडतात. नुसता कागद पाहायचा असेल, तर पहिला तास फुकट असतो. कागद पाहून टिपण घेणं पुष्कळदा स्वस्त आणि सोयीचं पडतं. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्यांनी तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. अर्जाची पोच मात्र घेतल्याशिवाय परतू नका.

उत्तर 30 दिवसांत मिळालं पाहिजे. मुदत टळली तर माहिती फुकट द्यावी लागते. नाहीच मिळाली, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे 20 रुपयांचा स्टॅम्प लावून अपील करा. तिथेही समाधान झालं नाही, तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे दुसरं अपील करता येतं. अकोल्याच्या कास्तकारालाही त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. तिथे वेळ लागतो हे खरं. पण विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

सेवा सहकारी सोसायटीबद्दल एक खुलासा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे प्रत्येक सहकारी संस्थेला हा कायदा सरळ लागू होत नाही. पण सोसायटीचे जे कागद निबंधक कायद्याने मागवू शकतात, ते तुम्ही निबंधकाच्या कार्यालयाकडे मागू शकता. विमा कंपनी खाजगी असेल, तर कृषी खात्याकडे असलेले कागद खात्याकडून मागा.

आणि एक विनंती. शेजाऱ्याशी धुऱ्याचं भांडण आहे म्हणून त्याच्या खाजगी गोष्टी उकरायला हा कायदा वापरू नका. अशी माहिती मिळत नाही, आणि ज्याला खरी गरज आहे त्याचा अर्ज मागे पडतो.

लक्षात ठेवा:
1. आधी जाहीर यादी मागा, मग अर्ज.
2. एक अर्ज, एक विषय, कागदाचं नाव.
3. पोच जपून ठेवा, 30 दिवस मोजा.
4. चूक दिसली की त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या.

माझ्या टेबलाचा तो खण मी आता याद्यांसाठी वापरत नाही. यादी आली की दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते. तुमच्या गावात लागत नसेल, तर चार जण मिळून जा आणि नम्रपणे विचारा, "साहेब, यादी कुठं लावली?" चार जणांनी विचारलं, की यादी बाहेर येते.