दोन फुटी टाकीतला शेजार



दिवसभर फायली उपसून घरी आलो, की आम्ही माशांच्या टाकीसमोर बसतो. टाकी दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. पाणी जेमतेम पन्नास लिटर, आत खरी हिरवी रोपे. पहिल्यांदा नुसते रंग पाहून मासे आणले: निऑन टेट्रा, एंजल, गोल्डफिश आणि काच साफ करायला एक सकर. गोल्डफिशने रोपे उपटली. एंजल वाढला आणि निऑन एकेक करून गायब झाले. दोष माशांचा नव्हता, आमचा होता.

आता घेण्याआधी तीन गोष्टी पाहतो: मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, त्याला पाणी कसे मानवते आणि स्वभाव कसा. झेब्रा डॅनिओ आपल्याच देशातला, पण सतत पळणारा. लाजऱ्या हनी गुरामीला त्याचा जाच होतो. म्हणून गुरामीच्या जोडीला सात-आठ शांत हार्लेक्विन रासबोरा ठेवले. कळपाने राहणारा मासा सहापेक्षा कमी घेऊ नये. एकटा पडला की तो बुजतो.

राहिला सकर. तो फूटभराहून मोठा होतो. मग कंटाळून लोक त्याला नदीत सोडतात. उजनी धरणात आज हा परदेशी पाहुणा मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. दमणगंगेवर ती वेळ नको. नको झालेला मासा दुकानात परत द्या, नाहीतर मोठी टाकी असलेल्या मित्राला द्या.

विसर्जन बाप्पाचे होते मंडळी, माशांचे नाही.

गणपती बाप्पा मोरया!